देवीची लस आणि पेशीची वानगी

बेळगावच्या टिळकवाडीत ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हटलं की लोकांना मैदान आणि झाडी आठवते. पण या नावामागे देशाच्या आरोग्याचं एक मोठं काम उभं आहे. वासराच्या पोटाची कातडी भादरायची, तिच्यावर बारीक ओरखडे काढून व्हॅक्सिनिया विषाणू चोळायचा आणि काही दिवसांनी उठलेल्या फोडांतला लगदा खरवडून, घोटून त्याची लस करायची, ही देवीच्या लशीची जुनी पद्धत. पुढे उन्हाळ्यातही टिकणारी, गोठवून वाळवलेली लस देशात ज्या चार ठिकाणी होऊ लागली, त्यांत पटवाडांगर, गिंडी आणि हैदराबाद यांच्या जोडीला बेळगाव होतं. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही. मात्र ही लस शरीरात नेमकं काय करते, याचा महत्त्वाचा अर्धा भाग तेव्हा उलगडलेला नव्हता.

लस टोचली की रक्तात प्रतिपिंडं तयार होतात आणि ती रोगाला अडवतात, एवढंच आपण सहसा ऐकतो. ते खरं आहे, पण अपुरं आहे. जन्मतःच प्रतिपिंडं बनवू न शकणारी मुलं देवीची लस बहुधा निभावून नेत. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी नसलेल्या मुलांच्या दंडावरची जखम मात्र पसरत जाई आणि पुष्कळदा जीव घेई. म्हणजे विषाणूला आवर घालणारं आणखी कुणीतरी होतं. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवलं, की टी-पेशी नुसता विषाणू ओळखत नाहीत. आपल्याच जातकुळीच्या पेशीने तो दाखवावा लागतो. १९८६ मध्ये ऑक्सफर्डला अलेन टाउनसेंड यांनी फ्लूच्या विषाणूच्या आतल्या प्रथिनाचे छोटे तुकडे निरोगी पेशींना लावले, तेव्हा टी-पेशींनी त्यांच्यावरही हल्ला केला. निपाणीचा व्यापारी तंबाखूचा अख्खा बोद उपसत नाही, मूठभर वानगीवरून माल पारखतो. टी-पेशीही तसंच करतात. पेशीतलं प्रोटिअसोम नावाचं यंत्र प्रथिनं कापतं. बर्कलीत काम केलेल्या भारतीय वंशाच्या नीलाभ शास्त्री यांच्या गटाने २००२ मध्ये या तुकड्यांची टोकं शेवटी तासणारं विकर शोधलं. तासलेला आठ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा पेशीची जातकुळी सांगणाऱ्या एचएलए नावाच्या रेणूच्या खोबणीत बसून पेशीच्या पृष्ठभागावर येतो.

कुणी म्हणेल, हे काहीच ठाऊक नसताना देवी गेली, मग एवढ्या बारकाव्यांचा उपयोग काय? पण देवीच्या बाबतीत बऱ्याच गोष्टी आपल्या बाजूने होत्या. तो रोग फक्त माणसालाच होई आणि लशीतला जिवंत विषाणू स्वतःच पेशीत शिरून आपली प्रथिनं तिथे बनवी. क्षयाने अशी सवलत दिली नाही. तमिळनाडूत चिंगलपेटला लाखो लोकांवर बीसीजी या क्षयाच्या लशीची चाचणी झाली, तेव्हा प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण दिलं नाही. उलट, कोविडवरच्या कोविशील्ड लशीने कोरोना विषाणूचं फक्त एक जनुक पेशीत पोचवलं आणि प्रथिन बनवण्याचं, दाखवण्याचं काम पेशीवर सोपवलं. वासराच्या कातडीवर जे अनुभवाने साधलं होतं, ते इथे जाणूनबुजून घडवता आलं.

दुसरा आक्षेप असा, की हे परदेशी प्रयोगशाळांचं शास्त्र, बेळगावसारख्या सीमाभागाला त्याचं काय? पण एचएलएची खोबण माणसागणिक निराळी असते आणि समाजागणिक तिच्या प्रकारांचं प्रमाण बदलतं. कुठल्या जंतूचा कोणता तुकडा आपल्या पेशी दाखवतात, हे आपल्याच माणसांत तपासावं लागेल. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आयसीएमआरची संस्था आहे आणि लस बनवण्याची परंपराही आहे. क्षयासारख्या रोगावर नेमकी लस हवी असेल, तर एकेकाळी लस बनवणाऱ्या या गावाने ती कशी काम करते, या शोधातही उतरलं पाहिजे.