गळणारा कार्बुरेटर : कारणें व दुरुस्ती

चंद्रपूर व गडचिरोली हा सन १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. या अरण्यप्रदेशांत मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. आलापल्लीहून भामरागडकडे किंवा एटापल्लीकडे जाणारा मोठा रस्ता सोडून आंत वळलें कीं शिक्षक, वनरक्षक, आरोग्यसेवक या सर्वांची भिस्त तिच्यावरच असते. नाल्यांतील गोटे, पावसाळ्यांतील चिखल व उन्हाळ्यांतील फुफाटा यांतून तिला वाट काढावी लागते. अशा ठिकाणीं पेट्रोल गळून गेलें तर मनुष्य अरण्यांत अडकून पडतो. आणि तें तापलेल्या इंजिनावर ठिबकलें तर आगीचें भय असतें. म्हणून हा दोष कसा ओळखावा व कसा दूर करावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

अशाच अवघड भूमीवर गाडी हांकण्याची एक जुनी स्पर्धा आहे. तिला ‘ट्रायल’ असें म्हणतात. तींत वेगाची नव्हे, तर तोलाची परीक्षा असते. खडक, ओढे व चढ यांतून आंखून दिलेला टप्पा पाय जमिनीस न टेकतां पार करावयाचा असतो. पाय टेकल्यास दंडाचे गुण पडतात. रॉयल एनफील्डची नवी बुलेट इंग्लंडांत सन १९४८ मध्यें अशाच स्पर्धांतून पुढें आली. तिच्यावर जॉनी ब्रिटन यानें स्कॉटलंडांतील सहा दिवसांची ट्रायल १९५२ व १९५७ सालीं जिंकली. १९५५ पासून बुलेट मद्रासेस तयार होऊं लागली, आणि २०१९ सालीं ‘बुलेट ट्रायल्स’ या नांवाच्या दोन गाड्या आपल्या देशांत विक्रीस आल्या. त्यांपैकीं ३५० सी.सी.च्या गाडीस कार्बुरेटर होता. एप्रिल २०२० मध्यें प्रदूषणाचे कडक नियम लागू झाल्यापासून नव्या गाड्यांत बहुधा कार्बुरेटर नसतो. तथापि जुन्या गाड्या गांवोगांवीं अद्याप धांवत आहेत.

आतां यंत्राकडे वळूं. हवेच्या प्रवाहांत पेट्रोलाचे सूक्ष्म तुषार मिसळून तें मिश्रण इंजिनास पुरविणें हें कार्बुरेटराचें काम होय. त्याच्या तळाशीं एक लहान वाटी असते. वाटींतील पेट्रोलाची पातळी नेहमीं सारखी राहिली तरच मिश्रण योग्य प्रमाणांत होतें. याकरितां वाटींत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल चढलें कीं फ्लोट वर येतो व एक टोंकदार सुई वरच्या छिद्रांत दाबून बसवितो. पेट्रोल उतरलें कीं सुई खालीं येऊन छिद्र मोकळें होतें. घरावरील पाण्याच्या टांकींत चेंडूचा नळ असतो, त्याचें तत्त्व हेंच. विल्हेल्म मायबाख या जर्मन यंत्रज्ञानें १८९३ सालीं बारीक तोटींतून पेट्रोल फवारणारा कार्बुरेटर सिद्ध केला. पुढील कार्बुरेटर याच मार्गानें गेले.

सुई नीट बसली नाहीं तर पेट्रोल चढतच जातें. यासाठीं अनेक कार्बुरेटरांच्या वाटींत एक उभी नळी ठेवलेली असते. पातळी तिच्या तोंडावर गेली कीं जास्तीचें पेट्रोल तींतून खालीं जमिनीवर पडतें. हिलाच मिस्त्री लोक ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. ही नळी गळते तेव्हां दोष नळीचा नसतो. ती दुसऱ्याचा दोष आपणांस कळवीत असते. कित्येक जण तिच्यांत काडी ठोकून ती बंद करतात. हा उपाय रोगाहून वाईट होय. मग तें पेट्रोल इंजिनाच्या नळकांड्यांत शिरतें, तेथून खालीं झिरपून तेलांत मिसळतें, आणि पातळ झालेल्या तेलानें यंत्र लवकर झिजतें.

दुरुस्तीपूर्वीं इंजिन थंड होऊं द्यावें, पेट्रोलाचा कॉक बंद करावा व गाडी उघड्यावर घ्यावी. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत दूरवर पसरते, आणि शून्याखालीं ४० अंशांच्या थंडींतहि ती पेट घेऊं शकते. म्हणून जवळपास विडी, चूल किंवा कंदील नसावा. उजेडासाठीं विजेरी वापरावी.

नंतर कार्बुरेटर फडक्यानें कोरडा पुसावा, गाडी सरळ उभी करावी, कॉक उघडावा व पाहात राहावें. ट्रायलमध्यें किंवा दगडांवर गाडी आडवी पडली असतां थोडें पेट्रोल सांडणें स्वाभाविक आहे. सरळ उभ्या गाडींतून गळेल तोच दोष समजावा. ओल प्रथम कोठें दिसते यावर उपाय अवलंबून आहे.

ओल रबरी नळीच्या टोंकाशीं दिसल्यास नळी उन्हानें कडक होऊन चिरली आहे असें जाणावें. चंद्रपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो. तेथें रबर फार दिवस टिकत नाहीं. नळी बदलावी व क्लिप बसवावी. वाटीच्या सांध्यांतून गळत असल्यास सांध्यांतील गॅस्केट बदलावें. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे आणि जोर बेतानें करावा, कारण कार्बुरेटराची धातु मऊ असून आटे सहज जातात.

ओव्हरफ्लोंतून गळत असल्यास प्रथम पेचकसाच्या मुठीनें वाटीवर हलकेच टिचकावें. अडकलेला फ्लोट कधीं कधीं एवढ्यानें सुटतो. न सुटल्यास कॉक बंद करून वाटीच्या तळचा स्क्रू काढावा, पेट्रोल भांड्यांत घ्यावें व स्क्रू लावून पुन्हां कॉक उघडावा. जेथें पंप दूर असतो तेथें बाटलींतून पेट्रोल घ्यावें लागतें, आणि त्यांतील कचऱ्याचा एखादा कण सुईखालीं बसतो. तो या धुण्यानें बहुधा निघून जातो.

तरीहि गळती राहिली तर वाटी उघडावी. सुईच्या टोंकावर झिजेची गोल खूण दिसल्यास सुई नवी घालावी व तिची बैठक मऊ फडक्यानें पुसावी. तार मुळींच घालूं नये. फ्लोट कानाशीं हालवावा; आंत पेट्रोल खळखळलें तर तो फुटका आहे. नंतर फ्लोट बोटानें वर उचलून कॉक किंचित् उघडावा. ठिबकणें थांबलें तर सुई ठीक आहे. शेवटीं पातळी पाहावी. ओव्हरफ्लोची उभी नळी तळच्या स्क्रूशीं जोडलेली नसेल तर तेथें पारदर्शक नळी लावून तिचें दुसरें टोंक वाटीशेजारीं उभें धरावें. द्रव आपली पातळी सर्वत्र सारखी राखतो हा नियम वर्गांत आपण शिकतोच. तदनुसार वाटींतील पातळी नळींत बाहेरूनच दिसते. ती त्या गाडीच्या पुस्तकांत दिल्याप्रमाणें असावी. फ्लोटची पट्टी अंदाजानें वांकवूं नये.

एक नवी गोष्टहि ध्यानांत ठेवावी. २०२५ पर्यंत आपल्या देशांत पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळलें जाऊं लागलें. मोहाच्या फुलांच्या दारूंतील मादक द्रव्य तें हेंच. तें हवेंतील ओल शोषून घेतें, आणि जुन्या गाड्यांचें कांहीं रबर त्यानें फुगतें किंवा चिरतें. यास्तव पावसाळ्यांत गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी.

दुरुस्तीनंतर इंजिन सुरू करण्यापूर्वीं तेल तपासावें. त्याची पातळी वाढलेली असल्यास किंवा त्यास पेट्रोलाचा वास येत असल्यास तें बदलावें. दूरच्या वाटेस निघतांना एक सुई, एक गॅस्केट, हातभर नळी व एक पेचकस पिशवींत ठेवावा. एवढें जवळ असलें व गळतीचें मूळ शोधण्याचा धीर असला, तर मिस्त्रीवांचूनहि गाडी घरीं पोंचते.