सिस्टिक फायब्रोसिस आणि स्त्रीची गर्भधारणक्षमता

सिस्टिक फायब्रोसिस म्हटले की जुनाट कास, फुप्फुसांचा पुनःपुन्हा होणारा जंतुसंसर्ग, तेलकट मलप्रवृत्ती आणि कृश बालक एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. पूर्वी असे रुग्ण तारुण्यापर्यंत क्वचितच पोहोचत. आज मात्र या व्याधीने ग्रस्त स्त्रिया अपत्याची अपेक्षा घेऊन चिकित्सकाकडे येऊ शकतात. त्या दृष्टीने प्रस्तुत विषयाची माहिती वैद्य व औषधविक्रेते या दोघांनाही असणे अगत्याचे आहे.

व्याधीचे स्वरूप

सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर हे जनुक १९८९ साली शोधले गेले. त्यापासून बनणारे प्रथिन पेशींच्या आवरणातून क्लोराइड व बायकार्बोनेट यांना वाट करून देते. ही वाट बंद झाली की पाणीही मागे राहते आणि स्राव घट्ट व चिकट होतात. माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच व्याधी प्रकट होतो. बीजदोषाची संकल्पना परिचित असलेल्या आपणांस हे समजणे कठीण नाही.

अडथळा कोठे?

या व्याधीच्या ९५ टक्क्यांहून अधिक पुरुषांत वंध्यत्व आढळते. कारण शुक्रवाहिन्याच तयार झालेल्या नसतात. स्त्रियांत मात्र गर्भाशय, बीजवाहिन्या व बीजकोश यांची रचना प्राकृत असते. म्हणजेच क्षमता उणावते, नाहीशी होत नाही. सुश्रुतोक्त ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज या चौकटीत हे मांडता येते. स्वादुपिंडाचे पाचक स्राव आतड्यात न पोहोचल्याने पोषण खुंटते, हा अंबुचा दोष. त्या कृशतेमुळे रजोदर्शन लांबते व बीजोत्सर्ग अनियमित होतो, हा ऋतूचा दोष. बीजोत्सर्गकाळी पातळ व्हावयाचा गर्भाशयग्रीवेचा स्राव घट्टच राहून शुक्राणूंची वाट अडवतो, हा क्षेत्राचा दोष.

यापलीकडेही एक सूक्ष्म बाब आहे. शुक्राणूस फलनक्षम होण्यासाठी बायकार्बोनेट लागते. गर्भाशयाच्या अंतःस्तरातून ते स्रवण्यात सीएफटीआरचा वाटा आहे, असे हाँगकाँग येथील संशोधकांनी २००३ साली दाखविले.

भ्रूणाची पहिली वाढ

फलनानंतरचे पहिले काही दिवस भ्रूण बीजवाहिनी व गर्भाशय यांतील द्रवात वाढतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत बायकार्बोनेट काढून घेतल्यास अथवा सीएफटीआरचे कार्य रोखल्यास ही वाढ मंदावलेली आढळली. बायकार्बोनेट भ्रूणपेशीत शिरून एका लहान आरएनएला चालना देते, व तो पेशीविभाजनास आवर घालणाऱ्या पी-५३ या प्रथिनास दाबून ठेवतो, असा हा क्रम आहे. हे निष्कर्ष प्राण्यांतील आहेत. मानवी गर्भास ते जसेच्या तसे लावू नयेत.

व्यवहारात काय करावे?

वंध्यत्वासाठी आलेल्या स्त्रीत बालपणापासूनचा कास, तेलकट मल, कृशता व घामाचा अति खारटपणा यांचा इतिहास मिळाल्यास प्रथम घामातील क्लोराइडची तपासणी करवावी. प्रतिलिटर ६० मिलिमोल वा अधिक प्रमाण हे निदानाकडे नेते. निदान झाल्यास पतीची जनुकीय तपासणी आवश्यक आहे. तो वाहक असल्यास प्रत्येक गर्भास व्याधी होण्याची शक्यता ५० टक्के असते. गर्भधारणेपूर्वी फुप्फुसांची क्षमता, वजन व रक्तशर्करा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी.

या रुग्णांच्या घामातून मीठ फार जाते. म्हणून लवणवर्ज्य पथ्य व तीव्र स्वेदन टाळावे. अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या संयोगानंतर तेथे अशा स्त्रियांतील गर्भधारणा लक्षणीय वाढल्या. ‘मूल होणारच नाही’ असे समजून बसलेल्या स्त्रियांनाही अनपेक्षित गर्भ राहिला. म्हणून मूल नको असल्यास गर्भनिरोधनाचा सल्लाही द्यावा. या औषधांचे विघटन यकृतातील ज्या एंझाइमांमुळे होते, त्यांना पिंपळी व मिरे यांतील पायपरीन आवर घालते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. कासासाठी सहज दिले जाणारे त्रिकटु वा सितोपलादि चूर्णही अशा रुग्णास तिच्या तज्ज्ञांना विचारल्याविना देऊ नये. औषधविक्रेत्यांनी चूर्ण हाती देण्यापूर्वी चालू औषधांची चौकशी अवश्य करावी.

मूळ जनुकदोष आपल्या औषधांनी दूर होत नाही. परंतु वेळीच शंका घेणे, योग्य ठिकाणी पाठविणे व पोषण सांभाळणे हे वैद्याच्या हाती आहे. अशा स्त्रीस ‘वंध्या’ ठरवून निराश करू नये, आणि निदानाविना महिनोन्महिने गर्भस्थापक कल्पही देत राहू नयेत.