बिनविस्तवाची कॉफी

महाराष्ट्रीय घरात कॉफीला चहासारखी रोजची हजेरी क्वचितच मिळाली. उपासाच्या दिवशी, दुखण्यातून उठून बसलेल्या माणसाला, किंवा मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींपुढे, जायफळ घासून व दूध आटवून जी आणली जाते ती कॉफी. आणि तीत कॉफी किती व दूध-साखर किती याचा हिशेब कोणी मागू नये, असा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. अशा घरात पातेले शेगडीवर न चढवता, नुसत्या गार पाण्यात कॉफीची भरड रात्रभर भिजत ठेवावी व सकाळी गाळून प्यावी, अशी तजवीज कोणी सुचवली, तर ज्येष्ठ मंडळींनी तिला हरकत घ्यावी हे स्वाभाविकच होय. परंतु हीच कॉफी ‘कोल्ड ब्रू’ या नावाने मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत पेल्याला दोनशे रुपये व त्याहून अधिक मोजून तरुण पिढी पिते. आणि तिला लागणारे यच्चयावत साहित्य, म्हणजे बरणी, पाणी आणि श्रीखंडाचा चक्का टांगावयाचे पातळ फडके, बहुतेक मराठी घरांत आधीच हजर असते.

ही युक्ती अगदी कालची नव्हे. अल्जीरियातील माझाग्रान येथे 1840 मध्ये वेढ्यात सापडलेल्या फ्रेंच सैनिकांनी कॉफीत गार पाणी मिसळून ती प्यावयास आरंभ केला, असे सांगतात. जपानात थेंबाथेंबाने ठिबकणाऱ्या पाण्याची उंच काचयंत्रे आहेत. आणि अमेरिकेत टॉड सिम्पसन या गृहस्थाने 1964 मध्ये घरगुती वापराचे एक साधे भांडे काढले, ते आजही विकले जाते. मोठ्या दुकानसाखळ्यांनी ही गार कॉफी उचलून धरली ती मात्र गेल्या दशकात.

आता तिच्यात घडते काय ते पाहू. उकळीच्या किंचित खालचे, म्हणजे 92 ते 96 अंशांचे पाणी कॉफीच्या कणांतून चार-पाच मिनिटांत जे ओढून काढते, त्यात सुगंधी द्रव्ये, आम्ले, कडवट द्रव्ये व कॅफीन अशी सर्वच मंडळी एकदम बाहेर पडतात. आणि त्यांतील अतिशय चंचल असा जो सुगंधाचा भाग, तो वाफेबरोबर स्वयंपाकघरभर दरवळून पेल्यात उतरण्याआधीच अंशतः खर्ची पडतो. गार पाणी हेच काम बारा-पंधरा तासांच्या मुदतीत करते, पण सरसकट करीत नाही: कॅफीन त्यात पुष्कळसे उतरते, उलट काही आम्ले व उग्र कडवट अंश मागे चोथ्यातच राहतात. म्हणून या कॉफीची चव गोलसर, कोको व भाजलेल्या शेंगदाण्यांची आठवण देणारी लागते. आणि गरम कॉफीचा जो फुलांफळांचा तीक्ष्ण, टवटवीत सूर, तो तिच्यात दबलेला असतो. हा गुण की दोष, हे ज्याच्या त्याच्या जिभेने ठरवावे. मला स्वतःला तो उणेपणाच वाटतो.

येथे एका लोकप्रिय समजुतीची छाननी करणे अगत्याचे आहे. ही कॉफी आम्लरहित असते, सबब पित्तप्रकृतीच्या माणसाने ती खुशाल प्यावी, असे छातीठोकपणे सांगितले जाते. फिलाडेल्फियाच्या जेफरसन विद्यापीठातील नायनी राव व मेगन फुलर या संशोधिकांनी 2018 मध्ये गरम व गार अशा दोन्ही रीतींनी केलेल्या कॉफ्या तपासल्या, तेव्हा दोहोंचा सामू साधारणपणे 4.85 ते 5.13 या एकाच पट्ट्यात आढळला. गरम कॉफीत एकूण आम्लांचा साठा अधिक होता, हे खरे, पण त्याबरोबर तिची ऑक्सिडीकरणाला रोधणारी शक्तीही अधिक होती. म्हणजे जिभेला मवाळ लागते ते जठरालाही तितकेच मवाळ असेल, अशी जामिनकी कोणी घेऊ नये.

कॉफी कोणती घ्यावी, हा पुढला प्रश्न. बाबा बुदान या सूफी साधूने सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या व चिकमगळूरच्या डोंगरावर रुजवल्या, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. त्याच मुलखातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने सिद्ध केलेला ‘एस 795’ हा अरेबिकाचा वाण मध्यम भाजून या कामी फार चांगला लागतो. रोबस्टा स्वस्त पडते, पण तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते आणि चवीत एक लाकडी खरखर येते. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला कॉफी होते. पर्यटकांनी तेथून आणलेली पुडी ताजी असेल तर जरूर वापरावी. टाळावयाची ती चिकोरी. सरकारी नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असली की ते विकता येते, म्हणजे जवळजवळ निम्मी पुडी एका मुळाची भुकटी असू शकते. ती गार पाण्यात विरघळून काढ्याला काळा रंग व चिकट गोडसर जडपणा देते, आणि गाळताना फडके बुजवते ते वेगळेच. दुकानदाराला ‘बिनचिकोरीची, आणि फिल्टरसाठी दळता तशी बारीक नको’ असे स्पष्ट बजावून सांगावे. भरड जाड रव्याहूनही थोडी मोठी हवी. घरी मिक्सरमध्ये करावयाची तर झटके देत, थांबत थांबत करावी. यंत्र सतत फिरवले की खाली पीठ जमते व वर अख्खे दाणे राहतात, आणि त्या पिठानेच सारा काढा गढूळ होतो.

प्रमाण सोपे आहे. शंभर ग्रॅम भरडीस आठशे मिलिलिटर पाणी. काचेच्या किंवा चिनीमातीच्या स्वच्छ बरणीत आधी थोडे पाणी घालून भरड ओली करावी, कारण ताज्या भाजलेल्या कॉफीतला कर्बवायू तिला वर तरंगत ठेवतो व मधला भाग कोरडाच राहतो. मग उरलेले पाणी ओतून लाकडी चमच्याने एकदा ढवळावे, झाकण लावावे आणि विसरून जावे. बोअरचे जड पाणी या कामी निरुपयोगी. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते उकळून निववून घ्यावे. सकाळी फडके दुहेरी करून त्यातून काढा आपसूक गळू द्यावा. चक्क्यासारखे पिळण्याचा मोह आवरावा, कारण पिळले की तळाचा सारा बारीक गाळ पेल्यात येतो. चोथा आपल्या वजनाच्या दुपटीएवढे पाणी धरून ठेवतो, तेव्हा हाती सहाशे मिलिलिटरच्या आसपास अर्क लागेल.

मुदतीविषयी बरीच अतिशयोक्ती चालते. राव व फुलर यांच्याच 2017 मधल्या प्रयोगांत सुमारे चारशे मिनिटांनंतर, म्हणजे पावणेसात तासांनी, कॅफीनचे प्रमाण स्थिरावलेले दिसले. त्यामुळे चोवीस-चोवीस तास भिजवून अधिक ‘कडक’ कॉफी मिळेल ही आशा व्यर्थ आहे. मात्र ते प्रयोग खोलीच्या तापमानाचे होते. शीतकपाटात हीच क्रिया मंदावते, आणि आपल्याकडे भिजवावयाचे ते शीतकपाटातच. चैत्र-वैशाखात नागपूर-जळगावकडे स्वयंपाकघराचा पारा चाळिशीला टेकत असता बरणी ओट्यावर रात्रभर ठेवणे म्हणजे जंतूंना दावत देणे होय. शीतकपाटात बारा ते सोळा तास द्यावेत. ज्यांना इतकाही धीर नाही त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या अभियंत्यांनी 2024 मध्ये श्राव्यातीत ध्वनिलहरींनी हेच काम तीन मिनिटांच्या आत उरकून दाखवले आहे. घरगुती बरणीला तूर्त त्याची तसदी नको.

अर्क तसाच पिऊ नये. साधारण पंचाहत्तर मिलिलिटर अर्कात तेवढेच किंवा दुप्पट गार पाणी, अथवा थंड दूध घालावे. कोकण-गोव्याकडच्या वाचकांनी शहाळ्याच्या पाण्यात मिसळून पाहावा. त्या मिश्रणाला साखरेची गरजच उरत नाही. इतरत्र गोडी हवी तर एकतारी पाक करून ठेवावा, कारण गार द्रवात साखर तळाशी बसून राहते. जायफळाच्या अभिमान्यांनी ते अर्कात भिजवू नये, पेल्यावर चिमूटभर घासावे. झाकलेला अर्क शीतकपाटात आठवडाभर चांगला राहतो. पाणी वा दूध घातल्यावर मात्र त्याच दिवशी संपवावा.

आणि एक ताकीद. चव मवाळ म्हणून ही कॉफी सौम्य आहे, असे समजून पाहुणे पेल्यामागून पेले रिचवतात. वरील प्रमाणाच्या अरेबिकाच्या एका पेल्यात शंभर मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असते, रोबस्टाच्या त्याच पेल्यात जवळजवळ दुप्पट. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने निरोगी प्रौढ माणसाला दिवसाची मर्यादा तीनशे मिलिग्रॅमची सांगितली आहे, आणि तीत चहाही धरावयाचा असतो. गर्भवतीने एका पेल्यावर थांबावे, मुलांना ती देऊ नये, आणि दिवाळीच्या फराळानंतर रात्री कोणापुढे पेला ठेवलात तर त्यात काय आहे हे आधी सांगून ठेवा.