पाहणं, जेवणं आणि मुक्काम : वाशिम जिल्ह्याच्या निमित्तानं



दोन दिवसांची सुट्टी मिळाली आणि एखाद्या शहरात जायचं ठरलं, की आपण घरात बसून तीन याद्या करतो. पाहायचं काय, खायचं कुठं आणि राहायचं कुठं. मुंबईला गेलो तर जहांगीर कलादालनात चित्रं बघायची, जेवायला दुसरीकडे जायचं आणि झोपायला तिसरीकडे. तिन्ही ठिकाणची माणसं वेगळी, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. याची आपल्याला इतकी सवय झालीय की यात काही तुटलंय असं वाटतही नाही.

आज आपण हाच हिशेब वाशिम जिल्ह्यात मांडून बघू या. काही जण मनात म्हणत असतील, वाशिमला कसलं आलंय कलाप्रदर्शन? तर तिथूनच सुरुवात करू.

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली वाशिममध्येच सापडला आणि या शाखेचा इतिहास उजेडात आला. याच घराण्यातला राजा हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं या वराहदेवानं कोरवून घेतलं. तिथल्या शिलालेखात वाकाटकांची वंशावळ आहे, आणि लेण्याच्या खिडक्या, दारं, वीथी यांचं वर्णनही आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. सोळा नंबरचं लेणं हा विहार आहे. विहार म्हणजे राहण्याची जागा. मध्ये मोठं दालन, भोवती भिक्षूंच्या खोल्या. ज्या भिंतींवरची चित्रं बघायला आज जगभरातून माणसं येतात, त्या भिंतींच्या आत माणसं राहत होती, पावसाळ्याचे महिने काढत होती. सकाळी जाग आली की चित्र समोर. म्हणजे वत्सगुल्मच्या मंत्र्यानं पैसा लावला तो नुसत्या चित्रांसाठी नाही, चित्रं असलेल्या मुक्कामासाठी लावला. आज आपण जे सांगणार आहोत त्याचं मूळ इथं आहे.

आता कारंजा लाडला येऊ. जुन्या गावाला चार वेशी : दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा. गावात जुनी जैन मंदिरं आहेत. त्यातल्या काष्ठासंघाच्या मंदिरातलं लाकडी कोरीवकाम बघायला मान वर करून उभं राहावं लागतं. मंदिरांच्या भांडारांत हस्तलिखितं जपली गेली. १९३० च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमाला निघाली आणि पुष्पदंताची अपभ्रंश काव्यं अभ्यासकांच्या हाती आली. हा ठेवा तगला कसा? गावात व्यापारी होते, यात्रेकरू येत होते, उतरत होते, त्यांच्या जेवणाची सोय होत होती, आणि जाताना ते काही देऊन जात होते. दिव्याचं तेल, पोथीचं कापड, लाकडाची डागडुजी, सगळं त्यातून निघायचं. याच गावात गुरुमंदिर आहे. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान, त्यामुळे दत्तभक्तांचा राबता कायम. तिथंही तेच : दर्शन, प्रसाद आणि भक्तनिवास एकमेकांना धरून.

तिसरं ठिकाण मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी. सेवालाल महाराजांचं समाधिस्थान, बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. रामनवमीला इथं मोठी यात्रा भरते. इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. इमारतीचा आकार नंगाऱ्याचा, म्हणजे बंजारा समाजाच्या मोठ्या नगाऱ्याचा. जिल्ह्यात प्रदर्शन म्हणून बघायला जावं असं हे पहिलं ठिकाण धरायला हरकत नाही.

पण बंजारा कलेकडे बघायचं कसं? आरशांचं भरतकाम, कवड्या लावलेल्या पिशव्या, घागरीखाली डोक्यावर घ्यायची नक्षीदार चुंबळ. ही कला भिंतीवर टांगायला झालेली नाही. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तांडे मुलूखभर फिरत. दिवसा चाल, रात्री मुक्काम. हे सगळं त्या फिरत्या संसारातलं सामान. अजिंठ्यात चित्र राहत्या घरात आलं, इथं घरच बैलावर लादून निघालं आणि कला त्याच्याबरोबर गेली. हे मनात धरून त्या वस्तू बघितल्या तर त्या बोलायला लागतात.

आता जेवणाचं. वऱ्हाडातलं जेवण बघायचं असेल तर थंडीत जावं. शेतात ज्वारीचा हुरडा, घरात तुरीच्या सोल्यांची भाजी, भाकरीबरोबर झुणका आणि ठेचा. देवळाच्या पंगतीत रोडगे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, मग ते फोडून त्यावर वरण आणि तूप, शेजारी वांग्याची भाजी. पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या भोगाला गव्हाची गुळातली लापशी. हे पदार्थ छापील मेनूकार्डावर सहसा मिळत नाहीत. ते वेळ मागतात. आर पडायला वेळ, पंगत बसायला वेळ. सकाळी अकराला येऊन दोनला निघणाऱ्या माणसाच्या वाट्याला चहा आणि आलुबोंडाच येणार.

आमचीच एक फजिती सांगतो. आम्ही चौघं एका जैन धर्मशाळेत उतरलो होतो. खोली स्वच्छ, माणसं मायाळू. आम्ही रमतगमत आठला जेवायला गेलो, तर भोजनशाळेत फरशी पुसून झालेली! सूर्यास्तानंतर जेवायचं नाही हा त्यांचा नियम, दारावर लिहिलेलाही होता. आम्ही तो वाचला नव्हता. मग गावात फिरलो. एका खानावळीचा माणूस म्हणाला, "रातच्याला कोनी थांबतच नाही जी, चूल कोनासाठी पेटवू?"

मंडळी, त्या एका वाक्यात सगळा विषय आला. रात्री कुणी थांबत नाही म्हणून चूल पेटत नाही, आणि चूल पेटत नाही म्हणून कुणी थांबत नाही. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. कारंजा, शेलुबाजार, मालेगाव या बाजूनं तो याच जिल्ह्यातून जातो. रस्त्यानं जिल्हा जवळ आणला हे खरं, पण तितक्याच वेगानं ओलांडताही येऊ लागला. संग्रहालय एका तासात बघून माणूस संध्याकाळी नागपुरात. अशानं गर्दी वाढेल. पण मंदिराचं लाकूड जपायला, तळ्याची पायरी दुरुस्त करायला, भरतकाम करणाऱ्या बाईला दुसऱ्या पिशवीसाठी कापड घ्यायला जो पैसा आणि जी आस्था लागते, ती मुक्कामातून येते. एरवी इमारत उरेल आणि ती भरणारे हात उरणार नाहीत.

म्हणून जाणार असाल तर दोन रात्री ठेवा. अकोल्याहून पूर्णेच्या मार्गावर सुमारे ८० किलोमीटरवर वाशिम स्टेशन आहे. पहिला मुक्काम वाशिमला करा. बालाजी मंदिर बघा. भोसल्यांच्या काळात भवानी काळू यांनी अठराव्या शतकात ते बांधलं. संध्याकाळी पद्मतीर्थावर बसा. दुसऱ्या दिवशी सकाळी मालेगाव तालुक्यातलं शिरपूर, तिथलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं स्थान आणि पवळीचं जुनं दगडी मंदिर. तिथून कारंजा, आणि रात्र तिथंच. तिसऱ्या दिवशी पोहरादेवी. देवळात फोटो काढण्याआधी विचारा. संग्रहालयाची वेळ आदल्या दिवशी खात्री करून घ्या. आणि खानावळीत सकाळीच सांगून ठेवा, रात्री चार माणसं जेवायला आहेत. आम्ही दुसऱ्या दिवशी तेच केलं. गरम भाकरी मिळाली, आणि आमच्याबरोबर शेजारच्या ट्रकवाल्यांनाही मिळाली.

राजशेखरानं काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते याच वत्सगुल्मात. लग्नाचं गाव हे! लग्नाला गेलेला माणूस मांडव बघून परत फिरत नाही. तो जेवतो, रात्री थांबतो, दुसऱ्या दिवशी यजमानांचा निरोप घेऊन निघतो. वाशिमला तसं जाऊ या.