पेनड्राइव्हमधली गाणी आणि प्रतींचा गुंता

तीर्थपुरी हे घनसावंगी तालुक्यातले बाजाराचे गाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात, आणि गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. अशा गावातल्या एखाद्या घरातला गाण्यांचा साठा उघडला, की गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्या घराने काय काय ऐकले ते थराथरांनी दिसते. तळाशी कॅसेटवरून उतरवून घेतलेला हरिपाठ आणि प्रल्हाद शिंदे यांची गाणी. त्यावर एमपीथ्रीच्या सीड्या, एकेकीत दीडशे गाणी. मग मोबाइलच्या दुकानात भरून घेतलेली मेमरी कार्डे, ट्रॅक्टरसाठीचा वेगळा पेनड्राइव्ह, आणि सगळ्यात वर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले कीर्तनांचे तुकडे. फोन बदलला की जुन्यातले सगळे ‘न्यू फोल्डर’मध्ये ओतायचे, पुढच्या फोनच्या वेळी ‘न्यू फोल्डर २’ करायचा. मनाचे श्लोक २०५च आहेत, पण घरातल्या डिस्कवर त्यांचे किती संच आहेत हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरून देण्याचा धंदा बसत गेला. आता हवे ते गाणे फोनवर लगेच लागते, मग जुना साठा ठेवायचा कशाला, असे तरुण मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. चित्रपटगीतांपुरते त्यांचे म्हणणे मान्यही करता येईल. पण गावच्या सप्ताहातले काल्याचे कीर्तन, वारलेल्या मृदंगमण्याचा ठेका, आजीने फोनमध्ये म्हटलेली गौळण कोणत्याही अ‍ॅपवर मिळायची नाही. ती असली तर या गोंधळातच कुठेतरी आहे, म्हणून साठा आवरायचा.

गुंता झाला कसा, हे आधी पाहू. ध्वनी लहान करून साठवण्याच्या या पद्धतीच्या फायलींना ‘एमपीथ्री’ हे शेपूट लावायचे, असे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी जुलै १९९५ मध्ये ठरवले. सीडीवरच्या ध्वनीला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत तो अकराव्या हिश्शात मावतो. ध्वनी मावला, पण गाणाऱ्याचे नाव लिहायला त्या फायलीत जागाच नव्हती. १९९६ साली एरिक केम्प यांनी फायलीच्या शेवटी १२८ बाइटची एक चिठ्ठी जोडली. शीर्षकाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३० बाइट. देवनागरीची सोय तिच्यात नव्हती. युनिकोड चालणारी दुसरी आवृत्ती १९९८ मध्ये आली, तरी आपल्याकडच्या स्वस्त प्लेयरवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत राहिले. मग दुकानदारांनी नावे रोमन लिपीत टाकली, आणि तीही ज्याच्या त्याच्या मनाने. ‘माझे’ कुणी ‘झेड’ घालून लिहिले, कुणी ‘जे-एच’ने. ‘विठ्ठल’मधल्या ‘ठ्ठ’साठी एकाने एक ‘टी’ वापरला, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने आणखी एक ‘एच’ लावला. त्यात भर म्हणून बरेच प्लेयर नावाच्या क्रमाने न वाजवता फायली भरल्या त्या क्रमाने वाजवत, म्हणून भरतानाच क्रम लागावा यासाठी लोकांनी नावाआधी आकडे घातले. एकच अभंग असा पाच नावांनी पाच ठिकाणी जाऊन बसला.

देवनागरीत लिहिले म्हणून सगळेच सुटत नाही. ‘वारकऱ्यांचा’ या शब्दातला तो आडवा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी टंकता येतो. नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून केवळ नावे जुळवून प्रती शोधू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

फायलींच्या आत काय आहे ते जुळवण्याचे मार्ग आहेत. पहिला मार्ग हॅशचा. एमडी५ ही पद्धत रॉन रिव्हेस्ट यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. फायलीतल्या प्रत्येक बाइटवरून ती एक ठरावीक लांबीचा आकडा काढते. दोन फायलींचा आकडा एकच आला, तर नावे कितीही वेगळी असोत, ती एकच फाइल समजावी. मात्र चिठ्ठीतले एक अक्षर बदलले तरी हा आकडा बदलतो. तिथे दुसरा मार्ग कामाला येतो, ध्वनीच्या ठशाचा. गाणे ओळखणाऱ्या शझॅमची रीत एव्हरी वांग यांनी २००३ मध्ये मांडली. घरच्या वापरासाठी अकूस्टआयडी आणि म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड ही विनामूल्य साधने आहेत. १२८ आणि ३२० किलोबिटच्या दोन फायलींमध्ये एकच ध्वनिमुद्रण आहे, हे ती सांगू शकतात. अकूस्टआयडी गाण्याची पहिली दोन मिनिटेच तपासते. कीर्तनाच्या प्रत्येक भागाला सुरुवातीला तेच शीर्षकसंगीत जोडलेले असेल तर फसगत होऊ शकते. लांबी ताडून पाहावी आणि मधला भागही ऐकावा.

मोठी फाइल ती चांगली, ही समजूतही सोडायला हवी. १२८ ची फाइल ३२० मध्ये बदलली तर आकार वाढतो, गेलेला ध्वनी परत येत नाही. अशा फायलीचा आलेख ऑडॅसिटीत पाहिला, तर साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर सगळे कापलेले दिसते. त्यापेक्षा कॅसेटवरून थेट उतरवलेली, थोडी खरखर असलेली प्रत मी ठेवीन.

खरा पेच यानंतर येतो. तोच अभंग, तोच गायक, पण एक ध्वनिमुद्रण स्टुडिओतले आणि दुसरे मंडपातले. यंत्र त्यांना वेगळे म्हणते, घाईत असलेला माणूस एकच समजतो. इथे यंत्राचे ऐकावे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच गाणे मावे. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. मैफलीत तोच गायक तीच चीज अर्धा तास गाईल. यातले एक ठेवून दुसरे पुसणे म्हणजे गायन पुसणे.

मराठीत याचा सर्वात मोठा धडा जात्यावरच्या ओव्यांनी दिला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या हजारावर गावांतून गोळा झाल्या. पुढे बर्नार बेल यांनी त्या संगणकाच्या नोंदीत बसवल्या, आणि २०१७ पासून ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया त्या प्रसिद्ध करत आहे. सासर-माहेर, भाऊ-बहीण, पंढरीची वाट हे विषय या ओव्यांत पुन्हा पुन्हा येतात, कितीतरी ओळी एका शब्दाने बदलतात. कुणी ‘डुप्लिकेट’ म्हणून चाळणी लावली असती तर संग्रह निम्माही उरला नसता. त्यांनी प्रत्येक ओवीपाशी गाणारीचे नाव, गाव, तालुका आणि विषय नोंदवला. १९९६ मध्ये या मंडळींनी आपल्या गोदावरीपलीकडच्या माजलगावच्या भीमनगर वस्तीत बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. वीस वर्षांनी ‘परी’चे लोक त्या गायिकांच्या शोधात परत आले आणि भेट झाली, ती त्या नोंदींमुळे.

घरच्या साठ्यातही रीत हीच असावी. आधी सगळे एका डिस्कवर आणावे आणि त्याची जशीच्या तशी दुसरी प्रत बाजूला ठेवावी. मग हॅशने तंतोतंत प्रती काढाव्यात. साठा बराच हलका होतो. ठशाने सापडलेल्या जोड्या कानाने ऐकून ठरवाव्यात. बाकीचे सावकाश. आणि ‘एयूडी’ने किंवा ‘व्हॉइस ००३’ने सुरू होणाऱ्या निनावी फायलींना सर्वात शेवटी हात लावावा. बाजारातल्या गाण्यांना नावे असतात, गावच्या आवाजांना नसतात. त्यामुळे साफसफाईत पहिला बळी त्यांचाच जातो, आणि त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसते.

दिवाळीत पुण्या-संभाजीनगरची मुले घरी येतील, लॅपटॉप सोबत असेल. एक दुपार भजनी मंडळातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा, त्या निनावी फायली एकेक करून लावा, आणि आवाज कुणाचा, चाल कुणाची, साथ कुणाची, सप्ताह कोणत्या वर्षीचा हे त्यांना विचारून देवनागरीत लिहून घ्या. ओळखणारी माणसे आज आहेत, तोवर हे काम करून घ्या.