निंगालूत उतरण्याआधी

पश्चिम ऑस्ट्रेलियात एक्समथजवळच्या निंगालू प्रवाळभिंतीपाशी साधारण मार्च ते जुलै व्हेल शार्क येतात. नावात व्हेल असलं तरी हा देवमासा नव्हे. कल्ल्यांनी श्वास घेणारा, जगातला सर्वांत मोठा मासा. खाणं प्लवकांचं, तेव्हा तो भला मोठा जबडा बघून घाबरू नका.

छोटं विमान वरून मासा हेरतं, बोट त्याच्या वाटेत पुढे जाऊन थांबते, की टाका उडी! पाण्यात एका वेळी दहाच जण. अंगापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर लांब. स्पर्श नाही, फ्लॅश नाही. मासा दिसतो संथ, पण गाठताना आपलीच दमछाक होते.

प्रत्येकाचे ठिपके वेगळे, बोटांच्या ठशांसारखे. फोटो काढलात तर डाव्या कुशीचा, कल्ल्यांमागचा काढा. संशोधक त्यावरून मासा ओळखतात.