आत्मरक्षणार्थ हत्यार: निवड कशाची?

स्वसंरक्षणासाठी कोणते हत्यार घ्यावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याकडे कायद्यानेच देऊन ठेवले आहे. १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वये परवान्यावाचून पिस्तूल बाळगता येत नाही. आणि सैन्य-पोलिसांचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकास निषिद्ध असल्याने तो बहुधा.३२ बोअरकडे वळतो.

उरली निवड रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, एवढीच. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुसके निघाले, तरी चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात गोळ्या सामान्यतः अधिक मावतात. पण काडतूस अडकले तर ते सोडवण्याचा सराव हवा. कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली काढलेले ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे, स्त्रियांना जवळ बाळगण्यास सोयीचे. परंतु काडतूस तेच ठेवून हत्यार हलके केले, की हाताला बसणारा धक्का वाढतो आणि नेम साधणे कठीण होते. म्हणजे हलकेपणाची सोय सरावाने फेडावी लागते.

शिवाय भारतीय न्याय संहिता स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते, पण आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा देत नाही. म्हणून नियमित सराव आणि मुलांच्या हाती न लागेल अशी कुलपाची जागा, ही दोन्ही ज्याच्यापाशी नाहीत, त्याने हत्यार न घेणे हीच उत्तम निवड होय.